आंदणाची यादी

राजारामपुरी, कोल्हापूर
१४ जानेवारी १९५२

तीर्थस्वरूप दादांस,

धाकट्या बहिणीचा नमस्कार. तुमच्या लीलेचा खोकला पूर्ण गेला. तिचे बी.टी.चे पाठ चालू आहेत. परवाचा भूगोलाचा पाठ मी मागच्या बाकावर बसून पाहिला. फळ्यावरचा नकाशा बरा होता, आवाज मात्र माझ्यापर्यंत पोचत नव्हता. वहिनींना सांगावे की काळजीचे कारण नाही. सोबतचा तिळगूळ या वर्षी बाजारचा आहे. घरी का झाला नाही, ते ओघाने येईल.

ज्या कारणासाठी हे पत्र लिहीत आहे, त्याविषयी माझे मन अद्याप स्थिर झालेले नाही. म्हणून गोष्टी ज्या क्रमाने घडल्या त्याच क्रमाने आधी मांडते. अर्थ नंतर लावू.

पहिली गोष्ट. सन १९१७च्या वैशाखात नेसरीस आपल्या घरी माझे लग्न झाले. मला बारावे वर्ष होते. पाठवणीच्या वेळी वडिलांनी पलंग, समया आणि भांडी यांच्यासह आंदण म्हणून एक मुलगी माझ्याबरोबर दिली. आपल्या इनामाच्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या एका घरातली ती होती. तिचे वय पाच-सहा असेल. नवरीला सासरी करमावे आणि तिची वरकामे व्हावीत, एवढेच कारण सांगितले गेले. आपल्याकडे असे आंदण देण्यात कोणाला काही वावगे वाटत नसे. उलट, न दिल्यास चर्चा झाली असती.

दुसरी गोष्ट. तिचे नाव तानी होते. माझ्या सासरी त्या नावाची एक मोलकरीण आधीच होती. सासूबाईंनी मांडवात वर पाहिले. तेथे काचेचे झुंबर टांगलेले होते. त्यांनी मुलीला झुंबर म्हणायचे ठरवले. माझेही नाव त्याच दिवशी बदलले, परंतु ते ताटातल्या तांदळात अंगठीने लिहून, मंत्रांसह.

तिसरी गोष्ट. १९२२ साली मी विधवा झाले. वडिलांनी लोकांची पर्वा न करता मला पुण्यास शिकावयास पाठवले, आणि झुंबर माझ्याबरोबर आली. पुढे कोल्हापुरात शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्या, आणि आता राजारामपुरीतले हे घर. या पस्तीस वर्षांत स्वयंपाक, पाणी, भांडी, माझी आजारपणे, सर्व तिने केले. तिचे लग्न करावे असा विषय कोणी काढला नाही. हे वाक्य मी आज प्रथमच लिहिते आहे, आणि लिहून झाल्यावर त्याकडे पाहत बसले आहे.

चौथी गोष्ट. १९४९च्या अखेरीस मतदारांच्या याद्या करण्यासाठी नगरपालिकेचा कारकून आमच्या गल्लीत आला. बायका नाव सांगेनात. कोणी ‘बाळूची आई’, कोणी ‘पाटलांच्या घरातली’. अशा नोंदी रद्द होणार हे मला ठाऊक होते. मी शाळेतून रजा घेतली आणि तीन दिवस त्याच्याबरोबर दारोदार फिरले. कोपऱ्यावर भाजी विकणारी धोंडुबाई तर पदर तोंडात धरून हसतच राहिली. तिच्याकडून तिचे नाव वदवून घेण्यास मला अर्धा तास लागला. आमच्या गल्लीतली एकही स्त्री कोणाची आई किंवा कोणाची बायको म्हणून नोंदली गेली नाही. हे काम निर्दोष झाले, असे मी त्या वेळी म्हटले होते. तुम्हालाही कळवले होते.

पाचवी गोष्ट. गेल्या आठवड्यात मतदान झाले. आमच्या शाळेत बायकांचे केंद्र होते आणि यादी घेऊन मी टेबलाशी बसले होते. अकराच्या सुमारास रांगेत मला झुंबर दिसली. मला वाटले, माझा डबा घेऊन आली आहे. बाजूच्या खोलीत ठेव, असे मी तिला खुणेने सांगितले. तिच्या हातात डबा नव्हता.

ती टेबलापुढे आली. अंगावर धुतलेले हिरवे लुगडे होते, केसांना तेल होते. तिने नाव सांगितले. मी यादी पाहिली. आमच्या घराच्या क्रमांकाखाली माझे नाव होते, लीलेचे होते. तिसरे नाव नव्हते. मी पुढचे पान पाहिले, मागचे पाहिले. झुंबरच्या मागे धोंडुबाई उभी होती. ती सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “अवो बाई, सगळ्या गल्लीच्या बायका तुमच्या वहीत गावत्यात, आनि तुमच्या चुलीपुढचीच गावंना व्हय?” रांग हसली. झुंबर हसली नाही, रडलीही नाही. माझ्या टेबलावरच्या शाईच्या बाटलीकडे तिने एकदा पाहिले आणि म्हणाली, “नसंल तर जाते. भात टाकायचा हाय.”

ती गेली आणि मी पाच वाजेपर्यंत नावे वाचत राहिले. तिला मत द्यावेसे वाटत असेल, हे मला ठाऊक नव्हते. दादा, मॅट्रिकच्या मुलींना मी राज्यघटनेचे तेविसावे कलम शिकवते. माणसांची देवघेव आणि वेठ यांना आता या देशात बंदी आहे, असे मी फळ्यावर लिहिते. घरी येते तेव्हा चहा तयार असतो.

दुसऱ्याच दिवशी मी त्या कारकुनाविरुद्ध मामलेदार कचेरीत लेखी तक्रार दिली. दोन पाने आहे, नक्कल माझ्यापाशी आहे. सरकारी कामात असा हलगर्जीपणा मी खपवून घेणार नाही. मूळ फॉर्म दाखवावा, अशीही मागणी केली आहे.

झुंबर कामे करते, पण बोलत नाही. तिळगुळाचे सामान पुढ्यात ठेवले तर म्हणाली, औंदा नको.

आता तुमच्याशी संबंधित भाग. यादीत नाव नव्याने घालण्याचा अर्ज २९ फेब्रुवारीपर्यंत देता येतो. त्यात वडिलांचे किंवा पतीचे नाव लागते. पती नाही. वडिलांना ती ‘बा’ म्हणत असे, याखेरीज तिला काही आठवत नाही. माझ्या लग्नाआधीही ती आपल्या घरी वर्षभर होती. कचेरीतले लोक म्हणाले, कोणतेही एक नाव घालून टाका, पुष्कळांनी तसेच केले आहे. मी घरी येऊन तिला ते सांगितले. ती पोळपाट धूत होती. तिने मान वर न करता सांगितले, “खोटा बा नको मला.” मग थोड्या वेळाने म्हणाली की माझ्या लग्नात कागद झाला होता, तिच्या बापाने त्यावर अंगठा उठवला होता, आणि तो कागद दादासाहेबांच्या पेटीत असणार.

तो कागद मला आठवतो. आंदणाची यादी वडिलांनी तुमच्याकडून लिहून घेतली होती, कारण घरात तुमचे अक्षर सर्वांत चांगले होते. तुम्ही अठरा वर्षांचे होता. ती काढून तिच्या वडिलांचे नाव आणि गावाचे नाव कृपा करून मला लिहून पाठवावे. तिच्या माहेरचे कोणी आजवर चौकशीस आल्याचे माझ्या स्मरणात नाही, अन्यथा तुम्हाला तसदी दिली नसती.

तुमची,
कालिंदी

राजारामपुरी, कोल्हापूर
९ फेब्रुवारी १९५२

तीर्थस्वरूप दादांस,

नमस्कार. तुमचे पत्र आले नाही. तुमचे कारकून गणपतराव आले. गुरुवारी दुपारी ते ओट्यावर उभे राहिले, आत या म्हटले तर येईनात. वकीलसाहेबांनी सांगितले आहे की नेसरीचे जुने कागद वाळवीने खाल्ले, असा निरोप त्यांनी पाठ केल्यासारखा सांगितला. पायात वहाणा घालताना मात्र जरा मोकळे झाले आणि म्हणाले, “ताई, साहेबांची सरकारी वकिलीवर नेमणूक व्हायची हाय. असलं कायबाय आत्ताच उकरू नका म्हनं.”

लीला दारात उभी होती. गणपतराव गेल्यावर ती मला म्हणाली, “आत्या, वाळवी कुठली? दिवाळीत माझा जन्माचा दाखला शोधताना मीच ती यादी पाहिली. तांबड्या फडक्यात आहे. वर ‘श्री’ काढलेला आहे.” तिने ती वाचली का, असे मी विचारले. अक्षर इतके सुरेख होते की पहिल्या चार-पाच ओळी वाचल्या, म्हणाली. पुढे कंटाळा आला, भांडीच होती.

तुम्ही माझ्याशी खोटे बोललात याचे मला गेल्या महिन्यात फार मोठे आश्चर्य वाटले असते. आज वाटत नाही. का, ते सांगते. हे लिहिणे मला जड जात आहे, म्हणून मधूनमधून वाक्ये तुटली तर तिकडे दुर्लक्ष करावे.

माझ्या तक्रारीवरून मामलेदार कचेरीने मला मूळ फॉर्म पाहावयास बोलावले. तो कारकूनही तेथे होता. वसंत नावाचा पंचविशीचा सालस मुलगा आहे. मी खुर्चीवर बसले आणि त्याला उभाच ठेवले. सरकारी काम म्हणजे काय, याविषयी मी त्याला चार गोष्टी ऐकवल्या. तो ऐकत होता. मग त्याने गठ्ठा सोडून आमच्या घराचा फॉर्म माझ्यापुढे ठेवला.

अक्षर माझे होते.

मला आठवले. त्याचे ऱ्हस्व-दीर्घ मला सहन झाले नव्हते. मी त्याच्या हातून कागद घेतला होता आणि आमच्या घराची नोंद स्वतः केली होती. शीर्षक होते, ‘घरात राहणाऱ्या एकवीस वर्षांवरील सर्व व्यक्ती’. खाली मी दोन नावे लिहिली होती, रेघ मारली होती, आणि एकूण संख्या दोन असे अक्षरी आणि अंकी लिहून सही केली होती. कोठे खाडाखोड नव्हती.

मी त्याला विचारले, तुम्ही मला तिच्याविषयी काही विचारले नव्हते का? तो ओशाळला. म्हणाला, “विचारलं होतं बाई. आतून चहा घेऊन त्या आल्या, तेव्हा मी म्हटलं, या बाईंचं नाव? तुम्ही म्हणालात, ती घरचीच आहे. मला वाटलं, तुम्ही लिहिलं असेल. तुमचा कागद मी कशाला तपासू?”

मी त्याच्या हातचा चहाचा पेला घेऊन त्याला पुढच्या घरचा पत्ता सांगितला असेल. मला ते क्षण आठवत नाहीत. मी मुद्दाम काही गाळले असते तर ते आठवले असते, आणि मग स्वतःला दोष देऊन मोकळी तरी झाले असते. मी तिला मोजलेच नव्हते. चाळीस मुलींच्या वर्गात एक गैरहजर असली तर मला दारातूनच कळते, दादा.

मी उठले आणि त्या मुलाची क्षमा मागितली. तो इतका घाबरला की त्याने मला नमस्कार केला. तक्रार मी त्याच ठिकाणी लेखी परत घेतली.

घरी येताना सारखे हेच मनात येत होते, की बत्तीस वर्षांच्या अंतराने या मुलीच्या दोन याद्या झाल्या. तुम्ही केलीत त्यात ती वस्तूंमध्ये आहे. मी केली त्यात ती माणसांमध्ये नाही. दोन्ही याद्या सुवाच्य आहेत.

त्या संध्याकाळी मी तिला स्वयंपाकघरात जाऊन सांगितले, की तुझे नाव कारकुनाने गाळले नाही, मी गाळले. माझी अशी अपेक्षा होती की तिला धक्का बसेल. ती म्हणाली, “ठावं हाय की. मी च्या घिऊन उभी हुते न्हवं का तितं.”

मग मी तिला म्हटले, दादांकडून नाव आले नाही तर आपण दुसरीकडे चौकशी करू, तुझ्या माहेरचे कोणी कधी आले असते तर बरे झाले असते. हे वाक्य मी तुम्हालाही लिहिले होते. इतक्या वेळा मनाशी म्हटले आहे की माझ्या तोंडून ते सहज गेले. तिने हातातले भांडे खाली ठेवले आणि प्रथमच माझ्याकडे सरळ पाहिले.

“ताईसाहेब, आकाराम आला हुता की.”

दादा, आता जे लिहिते ते मी कोणाला सांगितलेले नाही. वडील गेले तेव्हाही नाही.

सन १९३१च्या मार्चमध्ये शुक्रवार पेठेतल्या बिऱ्हाडी सकाळी एक तरुण शेतकरी आला. खांद्यावर घोंगडी होती, हातात गाठोडे होते. नेसरीपासून चालत आलो म्हणाला. चंदगडच्या बाजूचे त्याचे कोणते तरी गाव होते. त्याने ते सांगण्यास सुरुवात केली आणि मी त्याला मध्येच तोडले, म्हणून आज ते मला ठाऊक नाही. त्याने विचारले, “इनामदारांच्या लेकीचं घर ह्येच न्हवं? आमची तानी हाय का हितं? मी तिचा थोरला भाऊ, आकाराम. तिला न्ह्यायला आलोय.” त्याने तिच्यासाठी स्थळ पाहिले होते. तेही तो सांगत होता.

मी म्हणाले, “येथे तानी नावाचे कोणी नाही. घर चुकलात.”

शब्दशः ते खरे होते. मी स्वतःला अनेक वर्षे हेच सांगत आले, आणि पुढे पुढे तो कुणी आलाच नव्हता, असे वाटण्यापर्यंत मजल गेली. पण एक गोष्ट अशी आहे की तिच्यापुढे ही सबब टिकत नाही. त्याने पाणी मागितले. आमच्या घरी आल्या-गेल्याला पाणी नेहमी झुंबर देत असे. त्या दिवशी पाणी मी स्वतः नेले. ज्याला आपण काय करतो आहोत ते ठाऊक नसते, तो मनुष्य असे करीत नाही.

एवढ्या मोठ्या घरच्या बाईने आपल्या हाताने पाणी दिले, म्हणून त्याला संकोच झाला. तो पायरीखाली उतरून ओंजळीने प्यायला. गाठोड्यात काजूच्या बिया होत्या. बहीण नाही तर परत कुठे वागवू, तुम्हीच खा, असे म्हणून त्याने ते गाठोडे पायरीवर ठेवले आणि तो निघून गेला.

कारण विचाराल तर फार लहान आहे. माझी एम.ए.ची परीक्षा बावीस दिवसांवर आली होती. झुंबर गेली असती तर मला चूल पेटवावी लागली असती, पाणी भरावे लागले असते, आणि ते वर्ष फुकट गेले असते. याहून दुसरे कारण नाही. मी पुष्कळ शोधले. त्या परीक्षेत मला पहिला वर्ग मिळाला, आणि तुम्ही नेसरीस पेढे वाटलेत.

मी झुंबरला विचारले, तुला हे कसे ठाऊक? ती म्हणाली, “मागच्या सोप्यात भांडी घासत हुते. आवाज वळखला न्हाय, पर तानी म्हनल्यालं ऐकलं.”

“मग बाहेर का आली नाहीस?”

तिने मला टोमणा मारला असता तर मला सोपे गेले असते, पण ती खरोखरीच आठवून उत्तर देत होती. म्हणाली, “बाहिर ये असं कुनी म्हनलं न्हाय.”

आणि नंतर, जणू काही हिशेबातली राहिलेली बारीकशी गोष्ट सांगावी तशी म्हणाली, “बिया मीच भाजल्या की. तुमी अभ्यासाला बसला की मूठभर बशीत घालून आनून द्येत हुते.”

दादा, मला त्या बशीची आठवण आहे.

लीला येऊन दिवा लावून गेली. इंग्रजांनी कंपनीच्या काळीच या देशातली गुलामगिरी कायद्याने बंद केली, हे मी इतिहासाच्या तासाला सालासकट सांगते. मुली ते वहीत उतरवून घेतात. तोच कायदा आकारामच्या रूपाने माझ्या दारात येऊन थांबला होता आणि मी त्याला घर चुकलात म्हणाले.

मी तिची क्षमा मागितली. ती कशी मागावी हे मला कळत नव्हते. कारकुनाची सोपी गेली होती. तिने ऐकून घेतले. माफ केले असे ती म्हणाली नाही आणि न केल्याचेही म्हणाली नाही. मी विचारले, आता तुझी काय इच्छा आहे? जे म्हणशील ते मी करीन.

तिने पदराला हात पुसले, पुढच्या सोप्यात आली, आणि माझ्या खुर्चीत बसली. पस्तीस वर्षांत मी तिला खुर्चीत बसलेली पाहिली नव्हती. पाय जमिनीला नीट टेकतात, तेही पाहिले नव्हते. मग तिने शांतपणे सगळे सांगितले. ते जणू तिने आधीच ठरवून ठेवले होते.

“बाचं नाव आलं म्हंजे अर्ज करनार. तानाबाई म्हनून. झुंबर तुमच्या मांडवातच ऱ्हाऊ द्या. मग आकाराम जित्ता हाय का मेला ते बघाय जानार. तवर ऱ्हाते हितंच, कुटं जानार? पर आता पावनी म्हनून ऱ्हाते. पावनीला कुनी भांडी घासाय लावत न्हाय.”

लीलेला हसू आवरले नाही. झुंबरही — नाही, तानाबाईही — जराशी हसली. मला म्हणाली, “च्या टाका की ताईसाहेब. पावनी आलीया.”

मी चहा टाकला. साखर किती घेतेस, असे मला तिला विचारावे लागले.

त्याला आता आठ दिवस झाले. स्वयंपाक मी आणि लीला करतो. भाकरी माझ्याकडून अद्याप फुगत नाही. ती खुर्चीत बसून पाहते आणि पिठात पाणी कमी झाले असे सांगते. धोंडुबाई रोज दुपारी मुद्दाम भाजी घेऊन येते, तिच्याशेजारी बसते आणि माझ्या भाकरीवर मोठमोठ्याने मत देते. तानाबाईत आणि माझ्यात फारसे बोलणे होत नाही. रागाने नव्हे. बोलण्याची माझी पाळी असताना ती थांबून राहते.

आता तुमच्याविषयी.

तुमच्या नेमणुकीच्या आड यावे असे माझ्या मनात नाही. पण त्या कागदावर तुमचे अक्षर आहे म्हणून तुम्ही तो लपवला, आणि त्या फॉर्मवर माझे अक्षर आहे म्हणून मला तो लपवता येत नाही, एवढाच आपल्या दोघांत फरक आहे. यादी लिहिताना तुम्ही अठरा वर्षांचे होता. वडिलांनी सांगितले ते लिहिलेत. तो दोष मी तुमच्या माथी मारणार नाही. आज तुम्ही बावन्न-त्रेपन्न वर्षांचे आहात आणि वाळवीचा निरोप तुम्ही स्वतः सांगितला आहे.

मी मामलेदारांना द्यावयाचे एक निवेदन लिहून तयार ठेवले आहे. त्यात दोन गोष्टी आहेत. माझ्या चुकीमुळे तिचे नाव मतदार-यादीत आले नाही, आणि सन १९३१मध्ये तिचा भाऊ तिला नेण्यास आला असता मी खोटे बोलून त्याला परत पाठवले. शाळेच्या मंडळाला हे कळेल, मुलींच्या पालकांना कळेल. शाळेत मला ठेवायचे की नाही, ते त्यांनी ठरवावे. मी राजीनामा लिहून खणात ठेवला आहे, म्हणजे त्यांना मागण्याचा संकोच पडणार नाही.

अर्जाची शेवटची तारीख २९ आहे, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. तानाबाई म्हणते, मी खोटा बा लावणार नाही. मीही लावू देणार नाही. रकाना रिकामा ठेवला तर अर्ज परत येतो, असे वसंताने मला सांगितले आहे. म्हणून तुमच्याकडून नाव आले नाही, तर ‘वडिलांचे नाव’ या रकान्यात मी माझ्या अक्षरात पुढील मजकूर लिहीन: ‘हे नाव गडहिंग्लज येथील वकील माधवराव यांच्या पेटीत, तांबड्या फडक्यात आहे.’ खाली सही करीन आणि साक्षीदार म्हणून लीला सही करील. तिने तसे आपण होऊन सांगितले. मी तिला विचारलेले नाही.

गणपतरावांना पाठवू नये. निरोप मी ऐकणार नाही. कोणते गाव, कोणता बाप, त्याचा अंगठा कागदावर कोठे आहे, एवढे तीन ओळींत, तुमच्या स्वतःच्या हाताने, शाईने लिहावे आणि खाली पूर्ण नाव घालावे.

दारात खोटे बोललेली, आणि आता तुमच्या लेखी उत्तराची वाट पाहणारी,

कालिंदी